इन्हेलर कपाटात नको, दप्तरात हवा

मे महिन्याचा पहिला मंगळवार हा जागतिक दमा दिन. १९९८ पासून तो पाळला जातो. महाराष्ट्रातल्या शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते, त्यामुळे आमच्या परिपाठात हा दिवस कधी येतच नाही. हात धुण्याचा दिवस होतो, वाचन प्रेरणा दिन होतो, जंतनाशक गोळ्यांचा दिवस होतो. दम्याचा होत नाही. मग जूनमध्ये शाळा उघडते आणि पहिला पाऊस, ओल आलेल्या भिंती, दोन महिने बंद असलेल्या वर्गांची धूळ आणि खोकणारी मुलं हे सगळं एकदम समोर येतं.

मी यंत्रमागाच्या गावातल्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवते, गरज पडली की उर्दूही. वीसेक वर्षं झाली. आमच्या बऱ्याच मुलांच्या घरी खाली माग आणि वर संसार. कापसाचं तूस हवेत तरंगत असतं, केसांत बसतं, पाण्याच्या माठावर बसतं. सायझिंगच्या चिमण्या गल्लीच्या तोंडाशी. रात्री डासांची कॉइल आणि जुमेरातला लोबान. या लेखात मी प्रदूषणावर बोलणार नाही, कारण चिमणीवर माझा काही जोर चालत नाही. वर्गावर थोडा चालतो. आणि वर्गापुरतं माझं म्हणणं अगदी छोटं आहे: दमा असलेल्या मुलाचा इन्हेलर त्याच्या हाताशी असला पाहिजे आणि तो कसा द्यायचा हे शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असलं पाहिजे.

भाषेच्या शिक्षकाला दमा कानाने कळतो. प्रकट वाचन चालू असतं. एखादी मुलगी वाक्याच्या मध्येच थांबते, जिथे ना स्वल्पविराम असतो ना पूर्णविराम. पुढचे दोन शब्द वाचते, परत थांबते. उर्दू माध्यमाची मुलगी मराठी वाचताना अडखळली की कोणीही म्हणेल, हिची मराठी कच्ची आहे. पण तीच मुलगी उर्दूची नज्मसुद्धा तशीच तोडून म्हणत असेल, तर प्रश्न भाषेचा नाही, छातीचा आहे. अशी मुलं रात्रभर खोकलेली असतात. दोन पाळ्यांच्या शाळेत मुलींचा वर्ग सकाळी सातला भरतो, तेव्हा त्या डुलक्या घेतात. हजेरीपटात महिन्याला चार-पाच गैरहजेरीचे शेरे पडतात. कोणी त्यांना आळशी म्हणतं, कोणी घरचं लक्ष नाही म्हणतं. या सगळ्या गोष्टी वर्गशिक्षिकेला डॉक्टरांच्या आधी दिसतात, फक्त त्या एकत्र जोडून बघाव्या लागतात.

दम्यात श्वासनलिकांचं अस्तर सुजलेलं राहतं. त्यात धूळ, थंडी, सर्दी, धूर किंवा कधी जोराचं हसणंसुद्धा निमित्त होतं. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि हवा आत जाते पण बाहेर पडायला वाट मिळत नाही. छातीतली शिट्टी ती हीच. औषधं दोन जातींची. एक आवळलेले स्नायू लगेच सैल करतं, म्हणजे साल्ब्युटामॉल, बहुधा निळ्या रंगाचा पंप. दुसरं सूज रोज थोडी थोडी कमी ठेवतं, ते सकाळ-संध्याकाळ घरी घ्यायचं आणि नंतर चूळ भरायची. आमच्याकडे पहिलं घेतात आणि दुसरं आठवड्यात बंद करतात. मूल बरं दिसतंय ना, मग कशाला? 'पंपाची सवय लागते' हे वाक्य मी इतक्या पालक सभांत ऐकलंय की ते म्हण म्हणून पुस्तकात घालायला हरकत नाही. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी मुलाचा चष्मा काढून घेत नाही. ओढून घेतलेलं औषध थेट छातीत जातं म्हणून मात्रा कमी लागते. पोटातून घ्यायच्या गोळ्या आणि सिरप यांची मात्रा त्याहून जास्त असते, पण त्यांना कोणी सवयीचा दोष देत नाही.

जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. आजाराचा वाटा आणि मृत्यूचा वाटा यात एवढं अंतर का? उशिरा होणारं निदान आणि रोजचं औषध न घेणं ही त्याची मोठी कारणं आहेत.

आता शाळेकडे येऊ. ज्या पालकांनी सगळं नीट केलंय, मुलाला पंप घेऊन दिलाय, त्यांच्या पंपाचं आपण काय करतो? मी ज्या-ज्या शाळा पाहिल्या त्यांपैकी काहींमध्ये नियम असा, की मुलाने औषध जवळ बाळगायचं नाही. ते ऑफिसच्या कपाटात. कपाटाची किल्ली शिपायाकडे. शिपाई पोषण आहाराचं सामान उतरवायला किंवा बँकेत. चौथ्या मजल्यावर धाप लागलेल्या मुलाने तीन जिने उतरून, ऑफिसबाहेर उभं राहून, किल्लीची वाट बघायची. हा नियम करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मुलं पंपाशी खेळतील, दुसऱ्याच्या तोंडात फवारतील, ही भीती असते. एखाद्याने दुसऱ्याचा एक पफ ओढला तर त्याची छाती थोडा वेळ धडधडेल, हात थरथरतील. ज्याला हवा होता त्याला तो मिळाला नाही तर काय होईल, याच्याशी त्याची तुलना होत नाही.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१२ साली नेमकं हेच झालं. बारा वर्षांच्या एका मुलाला शाळेच्या मैदानावर झटका आला. त्याचा इन्हेलर शाळेच्या ऑफिसात ठेवलेला होता. तो मुलगा वाचला नाही. त्याच्या आईने पाठपुरावा केला, तेव्हा २०१५ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा केला. तो त्या मुलाच्या नावानेच ओळखला जातो, 'रायन्स लॉ'. पालकांची परवानगी असेल तर मुलाला आपला इन्हेलर शाळेत जवळ बाळगू द्यावाच लागेल, असं तो सांगतो. इंग्लंड आणखी पुढे गेलं. १ ऑक्टोबर २०१४ पासून तिथल्या शाळांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय साल्ब्युटामॉलचा इन्हेलर विकत घेऊन ठेवता येतो. ज्या मुलाला दमा असल्याचं माहीत आहे आणि ज्याच्या पालकांनी लेखी संमती दिली आहे, त्याचा स्वतःचा पंप घरी राहिला किंवा संपला, तर तो वापरायचा. असा आदेश आपल्याकडे शिक्षण विभाग आणि आरोग्य विभाग मिळून काढू शकतात. एका पंपात दोनशे मात्रा असतात आणि तो बऱ्यापैकी फुटबॉलपेक्षा स्वस्त पडतो.

स्टाफरूममध्ये हे बोललं की उत्तर ठरलेलं: 'औषध देणं आपलं काम नाही, उद्या काही झालं तर?' ही भीती खोटी नाही. शिक्षकावर बोट ठेवायला सगळे टपलेले असतात. पण औषध आम्ही देतोच की. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी मुलांच्या तोंडात शिक्षकच घालतात. लोहाच्या गोळ्या, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळ्या, दर आठवड्याला आम्हीच वाटतो आणि रकाने भरतो. निळी गोळी चालते आणि निळा पंप चालत नाही, हे मला कळत नाही. फरक एवढाच, की गोळ्यांसाठी वरून पत्र आलेलं असतं. मग पंपासाठीही पत्र यावं, अशी मागणी शिक्षक संघटनांनी करावी. वेतनश्रेणीच्या मागण्यांच्या यादीत शेवटी जोडली तरी चालेल. तोवर पालकांची सही आणि डॉक्टरांची चिठ्ठी एवढ्या कागदावर आपलं काम भागतं.

शिवाय सरकारच्या कागदावर हा आजार नाही असंही नाही. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांमध्ये शोधायच्या आजारांची यादी आहे, आणि त्यात श्वसनमार्ग आवळण्याचा हा आजार आहे. वर्षातून एकदा पथक सरकारी आणि अनुदानित शाळेत येतं. त्या दिवशी चारशे मुलांची रांग लागते, वजन, उंची, दात, डोळे. धाप त्या क्षणी लागलेली नसेल तर पथकाला ती दिसणार कशी? म्हणून पथक यायच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षिकेने खोकणाऱ्या, सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांची नावं लिहून ठेवावीत आणि डॉक्टरांच्या हातात द्यावीत. मी देते. त्यातली सगळी दम्याची निघत नाहीत, पण काही निघतात.

बी.एड.ला आम्हाला पियाजे शिकवला, ब्लूमचं वर्गीकरण पाठ करून घेतलं, पाठ टाचणं काढून बोटं दुखली. वर्गात मुलाचा श्वास अडकला तर काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही. ते सांगायला दहा मिनिटं लागतात. मुलाला ताठ बसवायचं, थोडं पुढे झुकलेलं चालेल. आडवं झोपवायचं नाही. भोवती गर्दी करू द्यायची नाही, पाण्याचा आग्रह करायचा नाही. निळा पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एक पफ सोडायचा आणि मुलाला स्पेसरमधून पाच-सहा श्वास सावकाश घेऊ द्यायचे. मग दुसरा पफ, तसाच. दोन पफांमध्ये अर्धा ते एक मिनिट. डॉक्टरांनी त्या मुलासाठी वेगळं लिहून दिलं असेल तर ते पाळायचं, नाहीतर असे दहापर्यंत देता येतात. तरीही उतार नसेल, किंवा मधेच त्रास वाढला, तर १०८. मूल एक वाक्य सलग बोलू शकत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर दिसतायत, असं असेल तर वाट न बघता आधी १०८ आणि त्याच वेळी पंप. आणि शिट्टी ऐकू येईनाशी झाली म्हणजे बरं वाटतंय असं दरवेळी नसतं. कधी कधी हवा जाणंच इतकं कमी होतं की आवाजच उरत नाही. मूल थकलेलं, गुंगलेलं दिसत असेल तर ती शांतता सर्वांत धोक्याची.

स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली ती पोकळ नळी. तिच्याशिवाय लहान मुलांचं बरंचसं औषध घशात आणि जिभेवरच बसतं. ती विकत घेणं परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीचाही स्पेसर होतो. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं आणि कडा चिकटवून हवाबंद करायच्या. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉ. हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं, की अशी नीट बंद केलेली बाटली मुलांच्या झटक्यात विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते. साध्या कपाचा उपयोग त्यापेक्षा कमी होतो. आमच्या कार्यानुभवाच्या तासाला मुलं बाटल्यांची फुलदाणी करतात. त्यात दोन बाटल्यांचा स्पेसर करायला काय हरकत आहे? कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र अनेक घरांत असतं. ते चांगलंच आहे, पण झटक्यात लहान मुलाला तेवढ्या जोराने ओढता येत नाही. (आणि ती कॅप्सूल गिळायची नसते. गिळणारी मुलं मी पाहिली आहेत.)

आता रमजानचं बोलते, कारण हे दुसरीकडे कोणी लिहिणार नाही. गेली काही वर्षं रमजान शाळा चालू असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतोय. सहावीतल्या एका मुलीला दुसऱ्या तासाला धाप लागली. पंप तिच्या दप्तरात होता, कुठल्या कप्प्यात तेही मला माहीत होतं. तिने माझा हात धरला. "टीचर, रोज़ा है मेरा. टूट जाएगा." खांदे वर-खाली होत होते आणि तिला रोजाची काळजी. मी म्हटलं, "बेटा, पहले साँस. रोज़ा बाद में रख लेना." चार पफनंतर तिला बोलता यायला लागलं, आणि बोलता यायला लागल्यावर ती रडली. अब्बू घड्याळ घेऊन देणार होते, पूर्ण महिन्याचे रोजे ठेवले तर.

इन्हेलरने रोजा तुटतो का, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. आपल्याकडचे बहुतेक हनफी उलमा तुटतो असं सांगतात. अरबस्तानातल्या शेख इब्न बाज आणि शेख इब्न उसैमीन यांच्या मते तुटत नाही. शाळेला हा मसला सोडवायची गरज नाही. वयात न आलेल्या मुलावर रोजा फर्जच नाही, आणि आजारी माणसाला नंतरच्या दिवसांत तो पूर्ण करायची मुभा कुराणातच आहे, यावर दोन्हीकडे एकमत आहे. माझी तक्रार उलमांशी नाहीच. ती आपल्या हौसेशी आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची रोजा कुशाई, हार, फोटो, नातेवाइकांना व्हिडिओ. दमा असलेल्या मुलाला त्यात ढकलताना निदान एवढं तरी सांगा, की श्वास अडला तर पंप घ्यायचा आणि कोणी रागावणार नाही. रोजचं सूज कमी करणारं औषध डॉक्टरांना विचारून सेहरी आणि इफ्तारच्या वेळेला बसवता येतं. महिनाभर ते बंद ठेवलं की ईदच्या दिवशी मूल दवाखान्यात. शाबान महिन्यात मी दमा असलेल्या मुलांच्या घरी हेच सांगायला फोन करते. जुम्म्याच्या बयानात इमामसाहेबांनी दोन वाक्यं बोलली तर माझे फोन वाचतील.

त्या मुलीची अम्मी दुपारी आली. माझ्यावर रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "टीचर, किसी को बताना मत. लड़की है." मुलगी अकरा वर्षांची आणि अम्मीला रिश्त्याची काळजी. म्हणून घरात 'दमा' हा शब्द नाही. 'ॲलर्जी' आहे, 'सर्दीचा कोठा' आहे, 'सीने में बलगम' आहे. पंप पाहुण्यांसमोर काढायचा नाही. मुलांच्या बाबतीत एवढी लपवाछपवी नसते. मुलगा सगळ्यांसमोर वाफ घेतो, मुलगी मोरीत जाऊन. मुलीने लपून घेतलेला पंप अर्धवट घेतलेला असतो, हे मी सांगून थकले. ही गोष्ट फक्त आपल्या समाजातली नाही, शेजारच्या मराठी शाळेतल्या बाई हेच सांगतात. हैदराबादला जूनमध्ये मासळीतून मिळणाऱ्या दम्याच्या औषधाच्या रांगेत आणि कोजागिरीच्या खिरीतल्या औषधाच्या रांगेत सगळ्या जातीधर्माचे आईबाप उभे असतात. त्या रांगेतल्या माणसाला हसू नये. तो मुलासाठीच उभा आहे. तिथून परत आल्यावर रोजचं औषध बंद करू नका, एवढंच मी म्हणते.

मैदानाचंही तसंच. दमा असलेल्या मुलाला पी.टी.च्या तासाला झाडाखाली बसवणं ही आपली सगळ्यांत आवडती दया. दोन वर्षं झाडाखाली बसलेलं मूल तिसऱ्या वर्षी जिन्यावरही धापा टाकतं. २००३ मध्ये मॅरेथॉनचा जागतिक विक्रम करणाऱ्या पॉला रॅडक्लिफला दमा आहे. आपली मुलं विक्रम करणार नाहीत, लंगडी खेळतील. सुरुवातीला हळूहळू अंग गरम करायचं, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळाआधी पफ घ्यायचा, पंप सरांच्या खिशात नाही तर मैदानाच्या कडेला दप्तरात ठेवायचा, आणि सर्दी-खोकला असेल त्या दिवशी विश्रांती. वर्ग मुलं बसलेली असताना कोरड्या झाडूने झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा आणि तो शाळा सुटल्यावर. डस्टर खिडकीवर आपटायचं काम मॉनिटरला मानाचं वाटतं, म्हणून तेवढं काम दमा असलेल्या मॉनिटरकडून काढून दुसरं द्यायचं. अगरबत्ती, स्नेहसंमेलनाचे स्प्रे, चित्रकलेच्या तासाचं थिनर, हे ज्याचं त्याने बघून घ्यावं.

जूनच्या पहिल्या पालक सभेत मी एक कागद देते. अर्धं पान, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. मुलाला धाप लागते का, कशाने लागते, कुठला पंप, किती पफ, डॉक्टरांचा फोन, घरातल्या दोन माणसांचे फोन, आणि शाळेने पंप द्यावा याला संमतीची सही. शक्य असेल त्यांनी एक जास्तीचा पंप नाव घालून वर्गात ठेवायला द्यावा, कुलूप नसलेल्या कप्प्यात. कागदाची एक प्रत माझ्याकडे, एक पी.टी.च्या सरांकडे, एक मुलाच्या दप्तरात. मी रजेवर गेले तर बदली शिक्षिकेला हजेरीपटाबरोबर ती मिळते. पंपावर सुरू केल्याची तारीख मी मार्करने लिहून घेते. बऱ्याच पंपांवर किती मात्रा उरल्या हे दिसत नाही आणि औषध संपल्यावरही तो दाबला की फुस् आवाज करतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि रमजानच्या आधी असे वर्षातून दोनदा आम्ही सगळे पंप बाकावर काढून तारखा बघतो. गेल्या वेळी त्यात दोन रिकामे निघाले.